‘गाडा’ आणि ‘गाडी’ : एका नित्याच्या शब्दाचा शोध
(आष्टी, जिल्हा बीड, या परिसराच्या अनुषंगानें)

(१) विषयप्रवेश

जो शब्द फार परिचित, त्याची चौकशी फार कमी होते. ताम्रपटांत एखादें दुर्बोध पद आढळलें तर त्याच्या अर्थासाठीं आपण चार कोश उघडतों. परंतु दिवसांतून दहा वेळां तोंडीं येणारा शब्द कोठून आला, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. ‘गाडी’ हा अशांपैकींच एक शब्द आहे. बैल जुंपलेलें वाहन ती गाडी, रुळांवरून धांवणारी ती गाडी, मोटार ती गाडी, दुचाकी तीहि गाडी. इतके अर्थ एका शब्दाच्या पोटीं मावत असल्यामुळें जुन्या कागदांत तो आढळला म्हणजे वाचकाच्या मनांत आजचें चित्र उभें राहतें, व कागदाचा अर्थ न कळत बदलतो. ज्यांच्या संग्रहीं दफ्तरें आहेत त्यांना या शब्दाचा विचार करणें म्हणूनच अगत्याचें आहे.

विचारासाठीं आष्टीचा परिसर निवडण्यास कारणें आहेत. प्रथम स्थलनिश्चय केला पाहिजे, कारण आष्टी नांवाचीं गांवें अनेक असून इतिहासाच्या वाचकांत त्यांची सरमिसळ नेहमीं होते. फेब्रुवारी १८१८ मध्यें ज्या लढाईंत बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतील होय. १९४२ च्या ऑगस्टांतील उठावामुळें चिमूरच्या जोडीनें जिचें नांव घेतलें जातें ती आष्टी वर्धा जिल्ह्यांतील. प्रस्तुत लेखांतील आष्टी बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण असून बालाघाटाच्या पश्चिम अंगास, नगर जिल्ह्याच्या सरहद्दीलगत, सीना नदीच्या टापूंत आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. पलीकडे नगर जिल्ह्यांत इंग्रजी अंमल होता. राज्य एकाचें व जवळची मोठी पेठ दुसऱ्याच्या हद्दींत, अशा सरहद्दीच्या गांवीं वाहन व वाहतूक यांस विशेष महत्त्व येतें. शिवाय जेथें १७९५ मध्यें मराठे व निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली तें खर्डें येथून फारसें दूर नाहीं. आणि गाडीवर पोट असलेली माणसें या तालुक्यांत आजहि पुष्कळ आहेत.

(२) गाडा, गाडी, गाडें

व्युत्पत्तीकडे वळण्यापूर्वीं मराठींतील रूपें एकत्र पाहूं. मराठींत पुल्लिंगानें वस्तूचा थोरपणा व स्त्रीलिंगानें लहानपणा दाखविण्याची जुनी रीत आहे. सुरा व सुरी, दोरा व दोरी, डबा व डबी, लोटा व लोटी हीं जोडपीं सर्वांस ठाऊक आहेत. गाडा व गाडी हें जोडपें त्यांतलेंच. अवजड, ओझ्याचा तो गाडा. त्याहून हलकी, माणसांस बसण्याजोगी ती गाडी. नपुंसक ‘गाडें’ हें रूप वाहनापेक्षां कामकाजास अधिक लागतें : गाडें अडलें, गाडें पुढें सरकेना.

लाक्षणिक अर्थ बहुतेक गाड्याच्या वांट्यास आले आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. संसाराचा गाडा असतो, संसाराची गाडी क्वचित्. राज्यकारभाराचाहि गाडाच हांकावा लागतो. जें जड, जें ओढावें लागतें, जें थांबलें असतां पुन्हां हलविणें कठीण, त्यास मराठी मनानें गाडा म्हटलें. उलट ‘गाडी रुळावर येणें’ हा वाक्प्रचार उघडच आगगाडीनंतरचा आहे, आणि त्यांत स्त्रीलिंगी रूप आलें आहे. म्हणजे वाक्प्रचारांतील लिंगावरूनहि त्याच्या वयाचा अंदाज बांधतां येतो.

‘गाड्याबरोबर नळ्यास यात्रा’ ही म्हणहि पाहण्यासारखी आहे. येथें नळा म्हणजे वंगण ठेवण्याची वेळूची नळी. ती गाड्यास टांगलेली असे; गाडा यात्रेस गेला कीं तीहि आयतीच यात्रा करून येई. वंगणाचा नळा दृष्टीआड झाल्यावर ही म्हण अर्थशून्य वाटूं लागते, व मग कोणी ‘नळा’ या पदाचा भलताच अर्थ करतो. वस्तु गेली कीं शब्द पोरका होतो, त्याचें हें लहानसें उदाहरण.

(३) व्युत्पत्ति : तीन पक्ष

‘गाडी’ या शब्दाच्या उगमाविषयीं तीन पक्ष मांडतां येतात.

पहिला पक्ष संस्कृत ‘गन्त्री’ या शब्दाचा. अमरकोशांत अनस् व शकट हे समानार्थी दिले असून त्यांच्याच शेजारीं गन्त्री हा शब्द बैलांनीं ओढावयाच्या वाहनास दिला आहे. तेथें बैलास कम्बली म्हटलें आहे, म्हणजे गळ्याखालीं पोळी असलेला. अर्थाच्या दृष्टीनें गन्त्री व गाडी यांत अंतर मुळींच नाहीं. गम् म्हणजे जाणें या धातूपासून ती सिद्धहि होते. म्हणून हा पक्ष प्रथमदर्शनीं फार आकर्षक वाटतो. परंतु ध्वनींचे नियम त्याच्या आड येतात. संस्कृतांतील ‘न्त्र’ या जोडाक्षराचें मराठींत काय होतें, हें इतर शब्दांवरून स्पष्ट आहे. यन्त्र यापासून जातें झालें, अन्त्र यापासून आंतडें झालें. दोन्ही ठिकाणीं शेवटीं ‘त’ उरला आहे. त्याच वाटेनें गन्त्रीचें रूप ‘गांती’ किंवा ‘गाती’ व्हावयास पाहिजे होतें. त्यांत ‘ड’ कोठून आला, याचें समाधान या पक्षास करतां येत नाहीं.

दुसरा पक्ष वैदिक ‘गर्त’ या शब्दाचा. गर्त म्हणजे खड्डा हा अर्थ सर्वांस परिचित आहे. परंतु ऋग्वेदांत त्याचा दुसराहि अर्थ आहे. पांचव्या मंडलांतील बासष्टाव्या सूक्तांत मित्र व वरुण गर्तावर आरूढ होतात. तेथें गर्त म्हणजे रथ किंवा रथांतील उंच आसन. यास्कानेंहि निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायांत रथास गर्त म्हणतात असें सांगितलें आहे. आणि त्याच ठिकाणीं गर्त म्हणजे सभेंतील आसन हा अर्थ उलगडतांना दक्षिणेकडील स्त्रियांच्या एका चालीचा दाखला दिला आहे, ही गोष्ट दक्षिणेच्या अभ्यासकांस सहज आठवेल. ध्वनीच्या दृष्टीनें हा पक्ष निर्दोष आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाशांत ‘गर्त’ शब्दांतील जोडाक्षराचा ड होतो असा स्वतंत्र नियम असून त्याचें प्राकृत रूप ‘गड्ड’ असें होतें. अडचण आहे ती अर्थाची. रथवाचक गर्त हा शब्द वैदिक वाङ्मयानंतर व्यवहारांतून नाहींसा झाला; पुढील संस्कृतांत तो खड्ड्यापुरताच उरला. देवांचें रथासन आणि शेतकऱ्याचें ओझ्याचें वाहन यांच्यामध्यें शतकानुशतकांची पोकळी आहे, व ती भरून काढणारा एकहि दुवा पुढें आलेला नाहीं.

तिसरा पक्ष देशी शब्दाचा. बाराव्या शतकांत गुजराथेंत होऊन गेलेल्या हेमचंद्राच्या देशीनाममालेंत ‘गड्डी’ हा शब्द गंत्री या अर्थानें नोंदलेला आहे. जे शब्द संस्कृतापासून व्याकरणाच्या नियमांनीं साधत नाहींत व लक्षणेनेंहि लागत नाहींत, ते हेमचंद्रानें देशी मानले. त्यानें अर्थ सांगतांना गंत्री हाच शब्द वापरला. तरी गड्डी त्यापासून साधली असें मात्र म्हटलें नाहीं. अर्थ एक असणें निराळें व उगम एक असणें निराळें, हा भेद त्यानें आठशें वर्षांपूर्वीं पाळला. आपण तो आज विसरूं नये.

गड्डी यापासून गाडी हें रूप मराठीच्या सर्व नियमांस धरून आहे. प्राकृतांतील द्वित्त व्यंजन मराठींत एकेरी होतें व मागचा स्वर दीर्घ होतो. लड्डु याचा लाडू झाला, हड्ड याचें हाड झालें. त्याच रीतीनें गड्डी याची गाडी. मूळ ‘ड’ एकेरी असता तर मराठींत त्याचा बहुधा ‘ळ’ झाला असता : गुड याचा गूळ, तडाग याचें तळें, षोडश याचे सोळा. पंजाबी भाषेंत प्राकृतांतील द्वित्त अद्याप टिकून आहे, व तेथें गाडीस आजहि ‘गड्डी’ म्हणतात. टर्नर यांनीं हिंदी-आर्य भाषांच्या तौलनिक कोशांत या शब्दांचें मूळ म्हणून जें रूप दिलें आहे तें तारांकित आहे, म्हणजे संस्कृत ग्रंथांत प्रत्यक्ष न आढळणारें, तुलनेनें कल्पिलेलें आहे.

यावरून निष्कर्ष असा : गाडी ही प्राकृत गड्डीपासून आली हें निश्चित, ती गन्त्रीपासून आली नाहीं हेंहि निश्चित मानावें, गर्ताशीं तिचा संबंध ध्वनीनें शक्य असला तरी पुराव्यानें सिद्ध नाहीं. तोंपर्यंत हेमचंद्राप्रमाणें तिला देशी म्हणणेंच सचोटीचें होय. प्रत्येक मराठी शब्दास संस्कृत पितर मिळालाच पाहिजे या आग्रहानें आपल्या भाषेची प्रतिष्ठा वाढत नाहीं. उलट ज्यांनीं तो शब्द प्रथम उच्चारला त्या अक्षरशून्य शेतकऱ्यांचा व सुतारांचा भाषेवरील हक्क मात्र नाकारला जातो.

(४) शकटाचा वंश

जुना संस्कृत शब्द शकट हा मराठींतून पार नाहींसा झाला काय? तसें नाहीं. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाच्या नांवांत मातीची शकटिका आहे. देवलांच्या रंगावृत्तीमुळें तें नांव मराठी रसिकांच्या ओठांवर बसलें. ज्योतिषांत रोहिणी नक्षत्राच्या आकृतीस शकट म्हणतात, व शनीनें रोहिणीशकटाचा भेद केला असतां अनर्थ ओढवतो अशी समजूत आहे. कृष्णानें बाळपणीं उलथून टाकलेला शकटासुर पुराणश्रवणांत आहेच. परंतु हे सर्व पंडिती अवशेष झाले.

घरगुती अवशेष निराळाच आहे, आणि तो चुलीपाशीं सांपडतो. अमरकोशांत निखारे ठेवण्याच्या पात्रास अङ्गारशकटी असें एक नांव दिलें आहे. शकटी याचें प्राकृत सगडी, गुजराथी सगडी, व मराठी शेगडी. म्हणजे जिच्यावर आपण दूध तापवितों ती शेगडी मुळांत निखाऱ्यांची लहान गाडी होय. रस्त्यावर शकटाची जागा गाडीनें घेतली, आणि शकट स्वयंपाकघरांत जाऊन राहिला.

छकडा या शब्दासहि शकटाचा वंशज मानतात. आरंभींच्या ‘श’चा ‘छ’ होणें अशक्य नव्हे. शावक याचा छावा झालाच आहे. परंतु मधला ‘क’ जसाच्या तसा टिकणें मराठी रीतीस धरून नाहीं, म्हणून हा शब्द उत्तरेकडून तयार रूपांत आला असावा असें मानणें अधिक बरें.

पूर्वेकडील बंडी हा शब्द वेगळ्या कुळांतला आहे. तेलुगूंत गाडीस बंडी, तामिळांत वंडी म्हणतात. विदर्भांत बैलगाडीस बंडी म्हणण्याची चाल आहे, आणि हैदराबादेकडील दखनी बोलींतहि तो शब्द रूढ आहे. हैदराबाद संस्थान तेलुगू, कानडी व मराठी या तीन भाषांवर पसरलें होतें. त्याच्या पश्चिम टोंकास आष्टी होती. म्हणून तेथील निजामकालीन कागदांत बंडी हा शब्द आढळल्यास तो निराळ्या प्रकारचें वाहन समजूं नये; लिहिणाराची भाषा कोणती, एवढेंच तो सांगतो.

(५) अवयव जुने, नांव नवें

गाडीचे अवयव पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. चाक हें चक्रापासून, आख हा अक्षापासून, आरे हे अरांपासून, जूं हें युगापासून, जोत हें योक्त्रापासून, धुरा ही धुर् यापासून. चाकाच्या मधल्या गड्ड्यास तुंबा म्हणतात. तो प्राकृत तुंब या शब्दाचा वारस असून त्या शब्दाचे भोपळा व चाकाची नाभि असे दोन अर्थ होते. जुंवाच्या टोंकाशीं बैलाची मान अडकविणारी शिवळ ही प्राकृत समिला व संस्कृत शम्या यांच्या कुळांतील. बहुतेक प्रत्येक लहान अवयवाचें नांव वेदकाळापर्यंत पोंचतें, आणि संपूर्ण वस्तूचें नांव मात्र देशी!

याचा उलगडा असा दिसतो. चाक घडविण्याची विद्या सुतारांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जात असे. विद्येबरोबर तिचे शब्दहि जात. संपूर्ण वाहनाचें नांव मात्र बाजारांत, रस्त्यावर, घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या तोंडीं ठरतें. तें लवकर बदलतें. अवयवांचीं नांवें कारागिराचीं, वाहनाचें नांव गिऱ्हाइकाचें.

बैल जुंपलेलें वाहन या प्रदेशांत किती जुनें आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा नगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ मध्यें मिळाला. तेथें सांपडलेल्या कांशाच्या वस्तूंत दोन बैल जुंपलेला व उभ्या पुरुषानें हांकलेला एक रथ आहे. त्याची लांबी ४५ सेंटिमीटर व रुंदी १६ सेंटिमीटर आहे. त्याच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद असले तरी इसवी सनापूर्वीं दुसऱ्या सहस्रकाच्या आसपास त्यास ठेवणारे अनेक आहेत. तो हांकणारा आपल्या वाहनास कोणत्या नांवानें संबोधीत होता, हें कांसें सांगत नाहीं. वस्तु सांपडते, शब्द सांपडत नाहीं. आणि आपल्याजवळ शब्द आहे तर त्याच्या वस्तु मोडीत निघत आहेत.

(६) दफ्तरांतील गाडा

आतां कागद वाचणाऱ्यांच्या कामाचा भाग. पेशवाईंतील लष्करी पत्रांत गाडा हा शब्द आला म्हणजे तो धान्याचाच असेल असें समजूं नये. तोफ ज्या चाकांच्या चौकटीवर चढवीत त्यासहि गाडाच म्हणत. गाडा मोडला, गाडे मागें राहिले, गाड्यांस बैल पाहिजेत, अशा मजकुरांत शेतकऱ्याची गाडी धरली तर पत्राचा रोंखच चुकतो. मागें राहिली ती रसद कीं तोफखाना, यावर लढाईचा सर्व हिशेब अवलंबून असतो. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्याच्या रणांत दोन्ही बाजूंस मोठे तोफखाने होते, व ते त्याच टापूंतील वाटांनीं बैलांकडून ओढून आणले होते. त्या मोहिमेचे कागद वाचणारानें हा भेद प्रत्येक ठिकाणीं संदर्भावरून ठरवावा.

तोफखान्याच्या गाड्यांस अराबा असाहि शब्द आढळतो. तो मुसलमानी सैन्यांबरोबर आला. तुर्की भाषेंत अराबा म्हणजे गाडी. २१ एप्रिल १५२६ रोजीं पानिपतावर बाबरानें जे सातशें गाडे एकमेकांस बांधून आपल्या फळीपुढें उभे केले, त्यांस त्यानें याच शब्दानें संबोधिलें आहे. मराठी कागदांत अराबा व तोफेचा गाडा यांत मूळ वस्तूचा फरक नाहीं.

याच्या उलट ‘गाडदी’ या शब्दाचा गाडीशीं कांहीं संबंध नाहीं. कवायती पायदळांतील शिपायास गारदी किंवा गाडदी म्हणत. हा शब्द युरोपीय भाषांतील पहारेकरीवाचक शब्दापासून, फ्रेंचांच्या द्वारें, दक्षिणेंत शिरला. पानिपतावरील इब्राहिमखान गारदी व ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध करणारे गारदी यांच्यामुळें तो प्रसिद्ध आहे. तसेंच ‘गाडणें’ या क्रियापदाचें नातें खड्डावाचक गर्ताशीं आहे, वाहनाशीं नाहीं. केवळ अक्षरसाम्यावर विसंबून अर्थ लावणें किती धोक्याचें आहे, तें यावरून दिसेल.

आणखी एक गोष्ट. पेशवाईच्या अखेरीपर्यंत दक्षिणेंतील लांब पल्ल्याची वाहतूक मुख्यतः गाडीनें होत नव्हती. ती पाठाळ बैलांवरून होई. लमाणांचे तांडे धान्य, मीठ व कापूस गोण्यांत भरून नेत. घाट, नाले व काळ्या मातीचे रस्ते यांत चाकापेक्षां खूर बरा, हा अनुभव होता. त्या काळचा गाडा अतिशय बोजड असे; त्याचीं चाकें भरीव लांकडाचीं, प्रसंगीं दगडाचींहि असत, व तो गांवच्या शिवाराबाहेर फारसा जात नसे. इंग्रजी अंमलांत, १८३६ च्या सुमारास, तोफांचे गाडे बनविण्याच्या कारखान्यावरील अधिकारी लेफ्टनंट गेझफर्ड यानें टेंभुर्णी येथें कारखाना काढून आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या तयार करविल्या. पुढें सडका झाल्या व गाडी पल्ल्याच्या वाहतुकींत उतरली. म्हणजे आपण जिला सनातन समजतों ती आऱ्यांची, लोखंडी धाव चढविलेली बैलगाडी या स्वरूपांत पुष्कळ ठिकाणीं दोन शतकांपलीकडची नाहीं. आणि तिची एक पूर्वज तोफ होती. यास्तव अठराव्या शतकांतील जकातीच्या कागदांत मालाची गणना बैलांनीं वा गोण्यांनीं केलेली दिसली तर नवल मानूं नये. आणि तशा कागदांत गाड्यांचा मोठा तांडा रस्त्यानें चाललेला दिसला तर कागदाचा काळ व अस्सलपणा पुन्हां एकदां पारखून पाहावा.

(७) अर्थाचा विस्तार

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली आगगाडी धांवली. नव्या वस्तूस नवा शब्द न घडवितां लोकांनीं जुन्याच शब्दास विशेषण लावलें : आगगाडी. तीच रीत पुढें चालली. घोडागाडी, पायगाडी, मोटारगाडी, हातगाडी, ढकलगाडी. प्रथम विशेषण नव्या वाहनास लागतें, कारण नुसती गाडी म्हणजे बैलांची हें सर्वांस ठाऊक असतें. पुढें एक दिवस असा येतो कीं नव्या वाहनाचें विशेषण गळून पडतें आणि जुन्यासच तें लावावें लागतें. ‘बैलगाडी’ हा शब्द आवश्यक होऊं लागला तेव्हांच बैलांची गाडी ही गाड्यांतली एक झाली. कागदांत ‘गाडी’ आहे कीं ‘बैलगाडी’ आहे, यावरूनहि त्याच्या काळाचा कयास करतां येतो.

हिंदुस्थानाबाहेरहि या शब्दानें प्रवास केला. इंग्रजांनीं तो उचलून आपल्या हिंदी-इंग्रजी बोलींत रुळविला, व पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत मोटारीस आज ‘गारी’ म्हणतात, तोहि हाच शब्द.

आष्टीच्या बाबतींत हा विस्तार तारखांनीं मोजतां येतो. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्यें सुरू होऊन नगरास आगगाडी आली. परंतु आष्टीस ती येण्यास २३ सप्टेंबर २०२२ हा दिवस उजाडावा लागला. नगर ते नवी आष्टी हा सुमारें ६६ किलोमीटरांचा मार्ग त्या दिवशीं प्रवाशांस खुला झाला. मध्यें १४४ वर्षें गेलीं. १ जून १९४८ रोजीं एस्टीची पहिली गाडी पुण्याहून नगरास गेली, तेव्हां आष्टी अजून निजामी मुलुखांत होती. सप्टेंबर १९४८ मध्यें तो अंमल संपला. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. म्हणजे ‘गाडी आली’ या दोन शब्दांचा अर्थ येथें प्रथम बैलांची, मग एस्टी, आणि आतां आगगाडी असा तीन वेळां पालटला. शब्द मात्र तोच राहिला.

एक अर्थ या भागास विशेष लागू आहे. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, व आष्टी तालुक्यांतूनहि दरवर्षीं हंगामास माणसें कारखान्यांकडे जातात. त्या व्यवसायांत नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, आणि टोळ्यांचे प्रकार वाहतुकीच्या साधनावरून पडतात : गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर. येथें गाडी म्हणजे केवळ वाहन नव्हे; एक कुटुंब, त्याचे बैल, त्याची उचल व त्याचा हंगाम या सर्वांची मिळून ती एक गणना आहे. संसाराचा गाडा हें ज्यास आपण रूपक समजतों, तें येथें हिशेबाच्या वहींतील वास्तव आहे. पुढील काळीं कोणी या वह्यांचा अभ्यास करील तेव्हां त्यास हा अर्थ ठाऊक असला पाहिजे. नाहींतर शंभर गाड्या म्हणजे शंभर वाहनें एवढाच बोध होऊन शंभर कुटुंबें हिशेबांतून गळतील.

(८) उपसंहार

आज ऊस वाहणाऱ्या गाडीस रबरी टायर व लोखंडी आख असतो. तिला तुंबा नाहीं, आरे नाहींत, तापवून चढविलेली धाव नाहीं. ज्या वस्तूंचीं नांवें वेदकाळापासून टिकलीं, त्या वस्तु एका पिढींत नाहींशा झाल्या. ताम्रपट पुरला तर हजार वर्षांनीं निघतो. बोलींतील शब्द मात्र बोलणारा गेला कीं कोणत्याहि उत्खननांत निघत नाहीं.

म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. पहिली : आपल्या दफ्तरांत गाडा, गाडी, छकडा, बंडी, अराबा यांपैकीं कोणताहि शब्द आढळल्यास कागदाचा शक, मिती, ठिकाण व मागचा-पुढचा मजकूर यांसह तो टिपून ठेवावा. सुट्या शब्दास किंमत नाहीं. किंमत संदर्भास आहे. ‘गाडी’ हा शब्द ‘बैलगाडी’ केव्हां झाला, हें अशाच टिपणांनीं एक दिवस निश्चित होईल. दुसरी : ज्या गांवीं लांकडी चाक घडविलेला सुतार अद्याप हयात आहे, तेथें जाऊन गाडीच्या प्रत्येक अवयवाचें नांव त्याच्या उच्चाराप्रमाणें लिहून घ्यावें व शेजारीं आकृति काढावी. आष्टीपासून बीडपर्यंतच्या गांवीं हें काम एका संग्राहकास एका उन्हाळ्यांत करतां येईल. दहा वर्षांनीं तें कोणासच करतां येणार नाहीं.